कोणाचं काय पुसायचं

सकाळी ऑफिसात आलो की चहाच्या आधी मी रात्रीच्या रनचा मेल उघडतो. रात्री दोन वाजता सर्व्हरवर आमच्या सगळ्या जावा टेस्ट आपोआप चालतात आणि किती पास, किती फेल, याचा हिशोब मेलवर येतो. गेल्या वर्षी पावसाळ्यात त्या मेलमध्ये एक लाल ओळ यायला लागली. एकच टेस्ट. चार दिवस फेल, मग एक दिवस पास, मग परत फेल. माझ्या लॅपटॉपवर एकटी चालवली की हमखास पास. आमच्या धंद्यात अशा टेस्टला ‘फ्लेकी’ म्हणतात. म्हणजे लहरी. लहरी माणसाचं जसं कोणी फार मनावर घेत नाही, तसंच या टेस्टचंही होतं.

मी ती लाल ओळ घालवली. कशी घालवली आणि त्यातून काय झालं, ते सांगायचंय. टेस्टिंगमध्ये रस नसेल तरी थोडं थांबा, गोष्ट माणसांवर येतेच.

आमचं ऑफिस शेंद्र्यात आहे. संभाजीनगरातून जालना रोडने निघालं की मुकुंदवाडी, चिकलठाणा, विमानतळ मागे पडतं आणि मग शेंद्रा एमआयडीसी लागते. शेजारीच ऑरिक, दिल्ली-मुंबई इंडस्ट्रियल कॉरिडॉरमधलं नवं औद्योगिक शहर. त्याचा ऑरिक हॉल २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला. सॉफ्टवेअर म्हटलं की लोकांना हिंजवडी आठवते, पण कारखान्यांच्या मधोमध बसून कोड लिहिणारे आम्हीही आहोत. आमची कंपनी कारखान्यांसाठी हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर बनवते. गेटवर कार्ड पंच झालं की तिथून शिफ्ट, ओटी, सुट्ट्या, पीएफ असं सगळं होत होत महिन्याअखेरी पगारपत्रक निघतं.

या सॉफ्टवेअरची टेस्ट म्हणजे काय? एक खोटा कामगार तयार करायचा. त्याला २६ दिवस हजर दाखवायचं. दोन दिवस चार-चार तास जास्त थांबवायचं. मग सॉफ्टवेअरला विचारायचं, ओटी किती? आठ तास आलं तर पास. पण हा प्रश्न विचारायच्या आधी तो कामगार, ती शिफ्ट, तो ठेकेदार, हे सगळं डेटाबेसमध्ये असावं लागतं. ती मांडामांड म्हणजे सेटअप. प्रश्न विचारून झाल्यावर ते सगळं काढून टाकायचं, म्हणजे पुढच्या टेस्टच्या पायात यायला नको. ते टिअरडाऊन. मांडलेल्या जगाला ‘फिक्स्चर’ म्हणतात.

फिक्स्चर हा शब्द मी कॉलेजात शिकायच्या आधी घरात ऐकला होता. पप्पा वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये व्हीएमसी मशीनवर सेटर आहेत. जॉब जिथे घट्ट पकडून बसवतात ते फिक्स्चर. सेटिंग लागेपर्यंत मशीन उभं असतं आणि मालकाला त्या वेळेचे पैसे दिसतात. टोयोटामध्ये १९६९ साली शिगेओ शिंगो नावाच्या इंजिनिअरने हजार टनी प्रेसची डाय बदलायला लागणारे चार तास तीन मिनिटांवर आणले, ही गोष्ट आम्हाला मेकॅनिकलच्या मित्राने इतक्या वेळा सांगितली होती की नंतर तो ‘शिं’ म्हणाला की आम्ही उठून जायचो. पण मुद्दा खरा आहे. मांडामांड आणि आवराआवर ही कामं कोणाच्या डोळ्यात भरत नाहीत, आणि दिवस मात्र तीच खातात.

जावाच्या जगात या आवराआवरीला शिस्त लागली ती एका विमानप्रवासात. १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिक गामा झुरिकहून अटलांटाला चालले होते. बेकने आधी स्मॉलटॉक भाषेसाठी असं काही केलेलं होतं. विमानात बसून दोघांनी जावासाठी टेस्टची एक छोटी चौकट लिहिली, तीच पुढे जेयुनिट झाली. त्यात दोन रिकाम्या जागा ठेवल्या होत्या, एक सेटअपची आणि एक टिअरडाऊनची. तुम्ही त्यात काय करायचं ते लिहा. प्रत्येक टेस्टच्या आधी आणि नंतर ते चालवायची जबाबदारी जेयुनिटची. सुरुवातीला यात एक मजेशीर खड्डा होता. सेटअपच्या इंग्रजी स्पेलिंगमधला यू कॅपिटल नाही केला तर जेयुनिट तुमच्या मेथडकडे ढुंकूनही बघायचं नाही, आणि तक्रारही करायचं नाही. २००६ च्या चौथ्या आवृत्तीत अ‍ॅनोटेशन आली आणि तो खड्डा बुजला.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. टेस्ट मधेच आपटली तरी टिअरडाऊन चालतं. चौथ्या आवृत्तीपासून तर सेटअप आपटला तरी चालतं. आवरायचं काम टेस्ट लिहिणाऱ्याच्या मूडवर, आठवणीवर, चांगुलपणावर सोडलेलं नाही. घरात रात्री ओटा कोण पुसतं, ते आठवून बघा. ज्याला आठवण येते तो पुसतो, असं आपण म्हणतो. आठवण येणारी व्यक्ती वर्षानुवर्षं एकच असते. जेयुनिट लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न माणसाच्या स्वभावावर टाकलाच नाही.

आणि न आवरल्याने काय होतं, ते मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. आमचं गाव करमाडच्या पुढे. काका कापूस लावतात. डिसेंबर-जानेवारीत वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटायच्या असतात. पण पाण्याची थोडी सोय असेल तर पीक तसंच उभं ठेवून आणखी एक-दोन वेचण्या घेता येतात. त्याला फरदड म्हणतात. हातात चार पैसे जास्त येतात. पण गुलाबी बोंडअळी त्याच उभ्या पिकात, राहिलेल्या बोंडांत दिवस काढते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडते. २०१७ ला महाराष्ट्रात बोंडअळीने कापसाची कशी वाट लावली, ते घरात कापूस असलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. तेव्हापासून कृषी विभाग दरवर्षी ओरडून सांगतो: फरदड घेऊ नका, शेतात शेळ्या-मेंढ्या सोडा, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका. काकांना मी एकदा विचारलं होतं, माहीत असून फरदड का घेता? ते म्हणाले, “मी उपटलं आन् शेजाऱ्यानं ठेवलं, तर अळी काय बांध बघून थांबते का?”

टेस्टचंही अगदी तसंच. मी डेटाबेसमध्ये ठेवलेल्या पऱ्हाट्या दुसऱ्याच्या टेस्टमध्ये अळी सोडतात. २०११ मध्ये जावाची सातवी आवृत्ती आली, तेव्हा टेस्ट ज्या क्रमाने उचलल्या जायच्या तो क्रमच बेभरवशाचा झाला. कोड तोच, टेस्ट त्याच, तरी कित्येक ठिकाणी टेस्ट पडायला लागल्या. ‘ब’ टेस्ट इतके दिवस ‘अ’ टेस्टने मागे ठेवलेल्या पसाऱ्यावर उभी होती आणि हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पुढच्या वर्षी जेयुनिटने क्रम पक्का केला, पण मुद्दाम असा, की नावावरून अंदाज बांधता येऊ नये. लोकांना क्रमावर टेकायची सवय लागू नये म्हणून. मला हा थोडा खडूस पण योग्य निर्णय वाटतो.

तर माझी लहरी टेस्ट. मी बघितलं, लाल आली की संदेश एकच असायचा: अपेक्षित ८, मिळाले ०. ओटीचे आठ तास शून्य होत होते. खोदल्यावर कळलं की दुसरी एक टेस्ट त्याच नंबरचा कामगार तयार करते, त्याचा करार संपवते आणि त्याची नोंद तशीच सोडून जाते. ती आधी चालली की माझी फेल. म्हणजे पऱ्हाट्या. मला उत्तर सापडल्याचा आनंद झाला आणि मी तिथेच थांबलो. शून्य का येतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

मी सगळ्या टेस्टचा जो पाया असतो त्या क्लासमध्येच एक सेटअप लिहिला. प्रत्येक टेस्टच्या आधी डेटाबेसमधली झाडून सगळी टेबलं रिकामी. कोणी आवरो न आवरो, कोरी पाटी मिळणारच. वीसेक ओळींचा कोड असेल. दुसऱ्या दिवसापासून मेल हिरवा. आमच्या लीड मॅडमनी ग्रुपवर अंगठा टाकला. टीममधले बाकीचे स्वतःचे टिअरडाऊन लिहायचे बंद झाले, कारण गरजच उरली नाही. मला वाटलं, मी जेयुनिटच्या त्या मोठ्या विचाराला आणखी पुढे नेलं.

तीन-चार महिन्यांनी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमधून फोन आला. कारखान्याचं नाव सांगत नाही, आणि चूक त्यांची नव्हतीही. एक कामगार वही घेऊन आला होता. दोनशे पानी, शाळेची. त्यात त्याने तारीख घालून रोजची ओटी लिहून ठेवलेली: किती वाजता सुटलो, कोणत्या लाइनवर होतो, सुपरवायझर कोण. पगारपत्रकात ओटी शून्य. आधीच्या महिन्यातही शून्य. तो तेव्हाही आला होता. कॉम्प्युटर सांगतंय तेच खरं, असं सांगून त्याला परत पाठवलं होतं. या वेळी तो वही घेऊन आला आणि हललाच नाही.

मी डेटाबेसमध्ये बघितलं. त्याची ओटी होती. एक तासही हरवला नव्हता. फक्त ती सगळी त्याच्या जुन्या, बंद झालेल्या नोंदीवर चढली होती. तो माणूस आधी एका ठेकेदाराकडे होता, तिथलं संपलं, महिन्याभराने परत त्याच कारखान्यात लागला. त्याच्या नावावर दोन नोंदी. माझा ओटीचा कोड नंबर शोधायचा आणि पहिली सापडेल ती नोंद धरायचा. पहिली म्हणजे जुनी. जुन्या नोंदीवर पगार निघत नाही. मग मी शोध लावला, असे अजून किती? दीड पान यादी निघाली.

अपेक्षित ८, मिळाले ०. रात्रीचा मेल मला अडीच महिने हेच सांगत होता. ती टेस्ट लहरी नव्हती. चुकून का होईना, आमच्या सगळ्या टेस्टमध्ये तिलाच एक असा कामगार भेटत होता, ज्याला मागचं आयुष्य होतं. बाकीच्या टेस्टमधले कामगार दर वेळी नव्याने जन्माला येऊन, २६ दिवस काम करून, पगार घेऊन नाहीसे होत होते. आणि मी काय केलं, तर त्या एकाचंही मागचं आयुष्य पुसून टाकलं आणि हिरवा रंग मिळवला.

पैसे पुढच्या पगारात मिळाले. ओटीला दुप्पट दर हा १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासूनचा नियम, त्यामुळे रक्कम त्या माणसासाठी छोटी नव्हती. आमच्याकडे या बगला एक नंबर मिळाला, दुरुस्ती झाली, विषय बंद झाला. माझ्या डोक्यात मात्र दोन गोष्टी राहिल्या. एक, ती वही. आमचं सगळं सॉफ्टवेअर विकलंच जातं ते ‘आता वहीची गरज नाही’ असं सांगून. दुसरी गोष्ट म्हणजे ती दीड पान यादी. इतकी माणसं सोडून परत का लागतात?

हा प्रश्न मी जेवताना पप्पांना विचारला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की इंजिनिअर करून चूक केली की काय. “ब्रेक रे,” ते म्हणाले. “आम्हाला नाही का दिला?”

एमआयडीसीत काम केलेल्या कोणालाही या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ती वर्षाची सलग सेवा धरली जाते, आणि मग कामावरून काढायचं तर नोटीस, भरपाई असे हक्क लागू होतात. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची गोष्टही याच आकड्याशी बांधलेली आहे. म्हणून २४० भरायच्या आत माणसाला थांबवतात. काही दिवस घरी बस, मग ये. कधी त्याच ठेकेदाराकडे, कधी दुसऱ्याच्या नावावर. मशीन तेच, डब्याची जागा तीच, दिवस मात्र पुन्हा एकपासून मोजायचे. हे चालतं हे कायद्यालाही माहीत आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटनांबाबतच्या कायद्यात अनुचित प्रथांची यादी आहे. त्यात कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसांना वर्षानुवर्षं बदली, तात्पुरते म्हणून ठेवणं ही प्रथा स्पष्ट लिहिलेली आहे. आता जुन्या कायद्यांची जागा श्रमसंहिता घेतायत, पण ‘ब्रेक’ या शब्दाला काही झालेलं नाही.

म्हणजे टिअरडाऊन. दर आठ महिन्यांनी टेबल रिकामं.

इथपर्यंत मी चुकार इंजिनिअर होतो, एवढंच. पुढचं लिहायला मी बरेच दिवस टाळत होतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक रिपोर्ट आहे. दर सोमवारी सकाळी नऊ वाजता तो ठेकेदारांना आपोआप मेल होतो: ज्यांचे २२० दिवस भरलेत त्यांची यादी, उरलेल्या दिवसांच्या क्रमाने. तो रिपोर्ट मी लिहिला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षात. टिकेटवर नाव होतं ‘सेवा-दिवस अलर्ट’. मी मन लावून काम केलं होतं. २१९ दिवस, २२० दिवस, लीप वर्ष, पगारी सुट्टी धरायची की नाही, सगळ्याच्या टेस्ट लिहिल्या होत्या. प्रत्येकीला स्वच्छ सेटअप. ही यादी कशासाठी, हे मी विचारलं नाही. कोणी लपवलंही नव्हतं.

पूर्वी हे काम कोणीतरी माणूस करत असणार. एखादा क्लार्क मस्टर घेऊन बसायचा, बोटाने दिवस मोजायचा, आणि कुणाच्या तरी नावापाशी थांबायचा. कदाचित त्याच्या ओळखीचा असेल, त्याच्या गल्लीतला. एखाद्या वेळी तो विसरतही असेल, किंवा विसरल्यासारखं करत असेल. माझा कोड विसरत नाही. मघाशी ओट्याबद्दल मी म्हणालो, की आवराआवर माणसाच्या चांगुलपणावर सोडली नाही हे किती छान. हीच गोष्ट इथे उलटी फिरते. ब्रेक द्यायचा निर्णय आता कोणाला घ्यावाच लागत नाही. ठेकेदार म्हणतो, सिस्टिमने यादी दिली. कंपनी म्हणते, ते ठेकेदाराचं काम. मी म्हणतो, मी फक्त दिवस मोजले.

लीड मॅडमशी मी हे बोललो. त्या मला आवडतात कारण त्या उडवून लावत नाहीत. त्या म्हणाल्या, यादी स्वतः वाईट नसते. हीच यादी बघून एखादी कंपनी माणसाला कायमही करू शकते. शिवाय ऑर्डर कमी-जास्त होतात, कारखान्याला माणसं कमी-जास्त करावी लागतात, ते काही पाप नाही. आणि प्रत्येक ब्रेक लादलेलाच असतो असं समजू नकोस. पेरणीला, लग्नसराईत कितीतरी जण स्वतःहून गावी जातात. हे सगळं खरं आहे. आमच्या शेजारचा पोरगा दर जूनमध्ये काम सोडतो आणि दिवाळीनंतर परत येतो, त्याला विचारलं तर तो याला स्वातंत्र्य म्हणेल. पण दीड पान यादीतल्या तारखा मी बघितल्या होत्या. पेरणीच्या तारखा नव्हत्या त्या.

मी तरीही कोऱ्या पाटीच्या विरोधात जाऊ शकत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात नव्याने सुरुवात करू देण्याचं एक तत्त्व आहे: लहान वयात कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाच्या जुन्या नोंदी, काही अपवाद सोडून, पुसून टाकाव्यात. हे वाचून कोणाही समजूतदार माणसाला बरंच वाटेल. तिथेही टेबल रिकामं होतं, इथेही होतं. फरक कुठे आहे, यावर मी बरेच दिवस विचार केला, बहुतेक कंपनीच्या बसमध्ये. मला सापडलेला फरक असा: त्या मुलाच्या नोंदी म्हणजे त्याच्या डोक्यावरचं ओझं होतं, आणि ते उतरल्याने सुटतो तोच. कामगाराचे २३० दिवस ही त्याची कमाई. ते पुसले की सुटतो दुसराच कोणीतरी. काकांच्या पऱ्हाट्या काकांच्या, त्या काकांनीच उपटायच्या. माझ्या टेस्टने तयार केलेला खोटा कामगार माझा, तो मी खुशाल पुसावा. पण मी त्या बेस क्लासमध्ये ‘सगळी टेबलं रिकामी’ लिहिलं, तेव्हा कुठली नोंद कोणी ठेवली आहे आणि ती काय सांगते आहे, हे बघायची तसदीच संपवली. घाऊक पुसण्यात हाच मोह आहे. प्रत्येक नोंदीपाशी थांबावं लागत नाही.

हे फक्त माझ्याच आळशी कोडचं नाही. पुष्कळ लोक टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवतात आणि शेवटी रोलबॅक करतात, म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीने काही घडलंच नाही. सोपं, वेगवान. पण मग कमिट होताना ज्या चुका उघड झाल्या असत्या त्या कधीच दिसत नाहीत, कारण कमिट कधी होतच नाही. टेस्टकंटेनर्स नावाचं एक साधन आहे, ते टेस्टपुरता अख्खा नवा डेटाबेस उभा करतं आणि काम झालं की मागे राहिलेलं सगळं एक वेगळा प्रोग्राम येऊन संपवतो. त्याचं नाव र्‍यूक. ‘डेथ नोट’ पाहिलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. मी ते रोज वापरतो, आणि चांगलं आहे. पण टेस्ट फेल झाली की कित्येकदा मला वाटतं, अरे थांब, पुसू नकोस, आधी बघू तरी दे काय झालं होतं.

एका रविवारी पप्पांना मी विचारलं, शिफ्ट संपताना सेटर काय काय आवरतो? मला वाटलं, सांगतील की पुढच्यासाठी मशीन एकदम कोरं करून ठेवतो. ते म्हणाले, चिप्स काढायच्या, फिक्स्चर ब्रशने साफ करायचं, कूलंट बघायचं. “आणि ऑफसेट?” मी विचारलं. जॉबचा शून्य बिंदू मशीनला जिथून कळतो ते आकडे. “ते कशाला पुसू? रजिस्टरला लिहायचे. पुढचा माणूस काय नव्याने शोधत बसेल का?” मग ते उठले आणि कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढून आणली. त्यात त्यांच्या सगळ्या जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या, गेट पास, वेगवेगळ्या ठेकेदारांची अनुभवाची पत्रं. कुठे सात महिने, कुठे साडेसात. एकाच शेडमध्ये काढलेली सहा वर्षं, नऊ कागदांवर. कुठल्याच कागदावर सहा वर्षं लिहिलेली नाहीत. ती मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज केली.

बेस क्लासमधलं ते घाऊक रिकामं करणं मी काढलं. दोन आठवडे मेल लालभडक होता, टीममध्ये माझं नाव निघालं की लोक हसायचे, आणि प्रत्येकाला आपापली आवराआवर परत लिहावी लागली. त्यात अजून दोन खरे बग सापडले, त्यामुळे थोडी इज्जत राहिली. आणि मी एक नवं फिक्स्चर लिहिलं: एक कामगार, एकच कारखाना, सहा वर्षं, नऊ नोंदी, मधे आठ ब्रेक. ओटी, रजा, पीएफ, सगळ्याच्या टेस्टमध्ये आता तो येतो. नवीन आलेली मुलं विचारतात, हा असा कोण विचित्र डेटा आहे? मी सांगतो, हा नॉर्मल आहे, बाकीचे विचित्र आहेत.

रिपोर्टचं मी काय केलं? तो बंद करायचा अधिकार मला नाही, आणि बंद केला असता तरी एक्सेलमध्ये पाच मिनिटांत तयार होतो. मी एक टिकेट टाकलं: यादीत आणखी एक कॉलम द्यावा, ‘या कारखान्यातली एकूण सेवा, ब्रेक आणि ठेकेदार बदल धरून’, आणि तोच आकडा कामगाराच्या पगाराच्या चिठ्ठीवरही छापावा. कोड मी एका शनिवारी लिहूनही ठेवला आहे, टेस्टसकट. मॅडमनी टिकेट वाचलं, म्हणाल्या, क्लायंटला विचारावं लागेल, आणि ते बॅकलॉगमध्ये टाकलं. त्याला आता पाच महिने झाले. दर पंधरा दिवसांनी प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये ते टिकेट स्क्रीनवर येतं, कोणीतरी विचारतं, हे ठेवायचं का काढायचं, आणि मी म्हणतो, असू द्या.

त्या वहीवाल्या माणसाला गेल्या महिन्यात परत ब्रेक मिळाला. मला कळलं, कारण मी सोमवारची यादी उघडून बघतो.